शेरा

आरेत, पाड्याच्या मागच्या उतारावर
आम्ही झाडं मोजत होतो.
मी फॉर्म भरायचे, गावित आकडे रंगवायचा,
टेप ज्याच्या हाताला लागेल त्याची.
छातीच्या उंचीला घेर. उंची अदमासे.
प्रकृती : बरी, मध्यम, मृत.
ऐन, कुडा, मोई, परत ऐन.
ऑगस्टचा तिसरा आठवडा, कागद इतका दमट
की बॉलपेन उमटण्याऐवजी भोकं पाडी.

सातशे बाराव्या ऐनावर
गावित पांढरा पट्टा ओढत होता.
ब्रशवरून एक थेंब सुटला
आणि पडला तो मातीवर नाही.
पानावर.

एकच पान.
शेजारी दुसरं नाही, फांदी नाही, काही नाही.
जमिनीला टेकलेलं, तळहाताएवढं.
कुणी कागदाचा पंखा दुमडता दुमडता
हाक आली म्हणून तसाच ठेवून गेलं असावं
अशा त्याला चुण्या.
"सुरणाचं पिल्लू," गावित म्हणाला
आणि आपला मोठा बूट उचलून
दुसरीकडे ठेवला.

बायजी वरठा कर्टुली शोधत वर आली होती.
तिनं पदराच्या टोकानं रंग टिपला,
निम्मा निघाला, निम्मा शिरांत बसला.
"एकपानी ती," म्हणाली.
"फूल मागंच यून गेला तिचा.
तवा पान नव्हता.
आता पान हाय त फूल नाय.
दोघांची गाठ नाय पडं."

माझ्या आईबाबांची पडायची, रविवारी.
बाबा बिस्किटाच्या कारखान्यात दिवसपाळीला,
आई जोगेश्वरीच्या इस्पितळात रात्री.
खोलीत गादी एकच.
ते उठत तेव्हा ती येई,
चपला काढता काढता म्हणे,
उशी गरम मिळते, एवढा एक फायदा.
हे मी बायजीला सांगितलं नाही.
फॉर्म पुढे धरला.

पण छाती कुठली धरायची हिची?
घेर नाही. उंची माझ्या चपलेच्या अंगठ्याइतकी.
झाड नाही, म्हणून नंबर नाही,
नंबर नाही, म्हणून उद्या इथे काही आलं
तर गेलं असंही कुठे लागणार नाही.
सातशे बाराच्या शेऱ्यात लिहिलं :
मुळाशी एकपानी. एक पान.

माणगावकर साहेबांनी लाल रेघ मारली.
शेऱ्यात खिळे लिहायचे, केबल, वाळवी.
बाकी निबंध नको.
ऑफिसातली ताम्हणे मात्र मागून हळूच म्हणाली,
अगं, आमरीच ती. ऑर्किड.
ऑर्किड म्हणजे मला ठाऊक ते
दादरच्या फूलबाजारातलं, जांभळं,
थर्माकोलच्या खोक्यातून विमानानं आलेलं,
लग्नाच्या स्टेजवर दोन दिवस
न कोमेजता, न वास देता उभं.
हिला तर नुसतं उगवायचं म्हटलं
तरी मातीतली एक बुरशी राजी लागते, म्हणे.
धुळीएवढं बी. बुरशीनं भरवलं तर जगतं.
फुलासाठी नको, बियासाठी नको,
कुणाच्या स्टेजसाठी तर नकोच.

फेब्रुवारीत फेरतपासणी निघाली.
गावितनं नोकरी सोडली होती, मी एकटीच गेले.
ऐनावरचा आकडा भेगाळलेला,
सातशेचं सात उरलं होतं, बाराचं काहीच नाही.
खाली पाचोळा. पान नाही,
थेंबाची खूण नाही.
बायजीच्या दारात विचारलं तेव्हा
तिनं दोन बोटं आडवी धरून दाखवली.
एवढ्याच खोल. वाटाण्याएवढा कांदा.
"उकरू नको," म्हणाली. "बघतला का मरतो."

परत वर जाऊन मी हात टेकला जमिनीला.
ऊब वगैरे काही लागली नाही.
उन्हाळ्याच्या तोंडावरची टणक जमीन ती,
एक मुंगळा मनगटावर चढला.

मग फॉर्म काढला.
सातशे बारा. ऐन. घेर तोच.
शेऱ्याचा रकाना तसाच सोडला,
आणि प्रकृतीपुढे,
ऐनाकडे न बघता,
लिहिलं : बरी.
कागद कोरडा होता.
पेन नीट चाललं.